पाय विसरलेली बाई

हॅझलकोम,
१४ एप्रिल १८८४

आदरणीय थर्झा आत्या यांस जबेझचा नमस्कार.

तुम्ही, तुमच्या गाई आणि तुमचा डावा गुडघा ठीक असतील अशी आशा आहे. फेब्रुवारीपासून मी इथल्या चर्चचा कारकून म्हणून काम पाहतो, हे तुमच्या कानांवर आले असेलच. अजून कायम झालेलो नाही. ते सप्टेंबरअखेर, मायकेलमसच्या सणाला, गावसभा ठरवील. म्हणून मी प्रत्येक काम दोनदा करतो. हे पत्रसुद्धा आधी पाटीवर लिहिले, पाद्रीसाहेबांच्या शब्दकोशात शब्द ताडून पाहिले आणि मग कागदावर उतरवले.

पाद्रीसाहेब मिस्टर ऑल्डिस यांनी चर्चच्या आवारात जे जे उभे आहे त्याची नोंद करायला सांगितले आहे. थडगी झाली, झाडे झाली, फाटक झाले. जुन्या दगडी क्रुसापाशी येऊन मी अडलो आहे. क्रूस म्हणायचा, पण त्यात क्रूस नाही. खाली तीन पायऱ्या, खोगिरासारख्या झिजलेल्या. त्यांवर चौकोनी बैठक. बैठकीतून वर आलेला खांब, उंची दोन फूट सव्वानऊ इंच. (तीनदा मोजली. तिसऱ्यांदा पाव इंच कमी भरली, पण दोरी भिजली होती.) खांबाच्या पूर्वेकडच्या अंगावर दोन लहान पावले कोरलेली आहेत, आणि पावलांवर झग्याची किनार, सात चुण्यांची. त्याच्या वर काही नाही. खांब तिथेच तुटला आहे. गावात म्हणतात, "बाई निघून गेली आणि पाय विसरली."

ही पावले आता जाणार आहेत. टेकडीवरच्या मिसेस गॅटकोम यांना आपल्या दिवंगत यजमानांच्या नावाने तिथे तांबड्या, चकचकीत ग्रॅनाइटचा नवा क्रूस उभारायचा आहे. जुना खांब उपटून, फोडून वाटेवर पसरायचा असे ठरते आहे. मी पाद्रीसाहेबांना विचारले, काही करता येणार नाही का? ते म्हणाले, "हेंब्रो, वरचा भाग सापडला तर मी त्या बाईंशी बोलू शकेन. नुसत्या दोन पावलांची बाजू कशी घेऊ? मायकेलमसपर्यंत शोध."

आत्या, तुम्हांला आठवत असेल, मी बावीस महिन्यांचा होईपर्यंत चालत नव्हतो. आईने मला उचलून त्या दगडी पावलांवर माझी पावले टेकवली, जशी इथली प्रत्येक आई टेकवते, आणि त्याच आठवड्यात मी दारापर्यंत चालत गेलो. ती वाटेवर खडी होऊन पडली तर मला त्या वाटेने जाववणार नाही. आणि मला रोज दोनदा तिथूनच जायचे असते.

बाबांच्या मागे आपल्या घराण्यात वडीलधाऱ्या तुम्हीच. वरचा भाग कुठे गेला याविषयी आजोबा कधी काही बोलले होते का? कबरी खणणारा चेडझॉय म्हणतो, "तुझ्या आत्याला विचार. तिला सगळं ठाऊक असतं, आणि ती कधीच काही सांगत नाही." हे त्याचे शब्द आहेत, माझे नव्हेत.

आपला आज्ञाधारक,
जबेझ हेंब्रो


ब्रूम फार्म,
१९ एप्रिल

चिरंजीव जबेझ यास आशीर्वाद.

गुडघा होता तसाच आहे. तू मात्र हुबेहूब बापावर गेलास. लग्नाच्या दिवशी तुझ्या आईनं दारात उभं राहून हाका मारल्या, तर हा आत उंबरठा मोजत बसलेला.

चेडझॉयला सांग, थर्झा म्हणते, तुझ्या तोंडाला दार बसव. तो लहानपणी आमची सफरचंदं चोरायचा आणि बिया आमच्याच अंगणात थुंकायचा. तेव्हाही त्याला अक्कल नव्हती.

तुझ्या बाईबद्दल म्हणशील, तर मी ऐकलंय ते असं. राजाशी भांडण मांडलेले ते आखूड केसांचे शिपाई आले होते ना, त्यांना चर्चमधल्या मूर्ती खपत नसत. त्यांनी हातोडे घालून ती फोडली. वरचा तुकडा पाद्र्यांच्या घरामागच्या तळ्यात गेला. तळं उपसून बघा. चिखल पायांना चांगला असतो म्हणतात.

सामानाच्या गाडीबरोबर एक चीज पाठवते आहे. मधून काप. कडेनं कापायचं नाही, सांगून ठेवते. कडेनं कापलं की गाय आटते. हसू नकोस, मी दोन गाई आटलेल्या पाहिल्यात.

तुझी आत्या,
थर्झा


हॅझलकोम,
१२ मे

आदरणीय आत्या,

तळे उपसले. आठ माणसे, तीन दिवस. सापडलेल्या वस्तूंची यादी मी वहीत केली आहे: किटलीचे एक झाकण, एकाच पायाचे दोन बूट, कोंबड्या झाकायची एक टोपली आणि आधीच्या पाद्रीसाहेबांचा हरवलेला म्हणून सांगितला जाणारा दातांचा संच. बाई नाही.

पाद्रीसाहेब उत्साहाने काठावर आले आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. त्यांना काढताना त्यांचा डावा बूट आत राहिला. म्हणजे तळ्याच्या हिशेबी आता तीन बूट आणि तिन्ही डावेच. चेडझॉय काठावर पाइप ओढत उभा होता. तो ओरडला, "साहेब, बाई नाही सापडली, पण तुमचे पाय आत राहिले असते तर जोडी जमली असती!" पाद्रीसाहेब हसले नाहीत. मीही हसलो नाही, निदान त्यांच्यासमोर.

चीज मिळाले, फार आभार. मला ते चाखता आले नाही. त्याच दिवशी पिंपे बनवणाऱ्याच्या बायकोला मुलगी झाली. चेडझॉयची बायको हॅना गावची सुईण आहे. ती थेट माझ्या दारात आली आणि म्हणाली, "थर्झाचं चीज आलंय ना तुझ्याकडे? आण इकडे. बाळंतिणीच्या घरी दुसरं चालत नाही." पद्धतीप्रमाणे आतल्या खोलीत बायकांनी ते मधून कापत कापत खाल्ले, आणि नामकरणाच्या दिवशी उरलेल्या कड्यातून बाळाला पार केले. बाळ अडकले नाही. मी आधी कड्याचा व्यास घेऊन ठेवला होता, म्हणून मला काळजी नव्हती.

तळे नक्की हेच का, आत्या? दुसरे कुठले तळे तर नव्हते ना?

आपला,
जबेझ


ब्रूम फार्म,
२० मे

चिरंजीव जबेझ,

तळं? मी तळं म्हटलं होतं? वय झालं रे. तळ्यात आमच्या मावशीचं बदक बुडालं होतं, ती गोष्ट वेगळी.

आता नीट आठवलं. शेजारच्या स्टोकवाल्यांनी नेली. त्यांच्या गावात एकही धड दगड नाही, म्हणून शिपाई गेल्यावर ते गाडी घेऊन आले आणि बाई उचलून नेली. डुकरांच्या गोठ्याच्या भिंतीत बसवली असं माझी आजी सांगायची. कुणाचा गोठा ते आठवत नाही. सगळेच बघ. तुला मोजायला आवडतंच.

पिंपवाल्याच्या मुलीला माझा पापा. हॅनाला म्हणावं, बरं केलंस.

दुसरं चीज पाठवते आहे. हे तुमच्या पाद्र्याला दे. बूट गेला बिचाऱ्याचा. मधून कापायला सांग.

आत्या


हॅझलकोम,
२ जुलै

आदरणीय आत्या,

हे पत्र मी उभ्याने लिहितो आहे. कारण पुढे येईल.

स्टोक गावात डुकरांचे चौदा गोठे आहेत. पाद्रीसाहेबांचे ओळखीचे पत्र घेऊन मी चौदाही गोठ्यांच्या भिंती आतून-बाहेरून पाहिल्या. स्टोकची माणसे कुंपणावर हात टेकून गंमत बघत होती. एक जण म्हणाला, "हॅझलकोमची बाई पळाली, ते कळलं. पण आमच्या डुकरांकडे कशाला येईल? तुमच्याकडे एवढे पुरुष असताना?" दुसरा म्हणाला, "पाय ठेवून पळाली म्हणजे घाईत असणार." मी सर्वांना नम्रपणे उत्तरे दिली. अकराव्या गोठ्यात मी वाकून कोपरा मोजत असताना एका डुकरिणीने मला मागून धरले. माझी चांगली विजार गेली, आणि आणखीही थोडे गेले. उरलेले तीन गोठे मी पाठ भिंतीला लावून तपासले. बाई नाही.

परत आलो तर आवारात लाकडी पेट्या आल्या होत्या. मिसेस गॅटकोम यांचा क्रूस रेल्वेने येऊन पोहोचला. गवंड्यांनी जुन्या खांबावर खडूने फुली मारली आहे. फुली बरोबर सात चुण्यांवर आली आहे. मी ती पुसली. मग वाटले, हे माझ्या अधिकारात बसत नाही, म्हणून पुन्हा काढली. मग पाऊस आला आणि ती आपोआप गेली. त्या दिवशी मला पावसाचे फार बरे वाटले.

तुमचे चीज पाद्रीसाहेबांना दिले. नीट सांगायचे तर त्यांच्या स्वयंपाकिणीला दिले. तिने ते माझ्या हातून घेतले, माझ्याकडे पाठ केली, कापड सोडवून मधला गोल तिथेच कापला आणि उभ्या उभ्या खाऊन टाकला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय बघतोस रे? भूक लागली होती मला." त्या वेळी तिने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. कदाचित विजारीमुळे असेल.

आत्या, आता तीनच महिने उरले. गावात माझी चेष्टा होते त्याचे मला एवढे वाटत नाही. कायम नाही केले तर मी शेतावर मजुरीला जाईन, तीही लाज नाही. पण ती पावले फोडली तर ती पुन्हा होणार नाहीत. तुम्हांला खरोखर काही ठाऊक असेल तर मला सांगा. नसेल तर तसे सांगा.

आपला,
जबेझ


ब्रूम फार्म,
१० जुलै

जबेझ,

विजार पाठव, शिवून देईन. बाकीचं आपोआप भरून येतं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू असं सरळ लिहायला नको होतंस. चेष्टेला उत्तर देता येतं मला.

काय सांगू? दगड आहे रे तो. पाय चालायलाच असतात, कधी ना कधी जातात. माणसं गेली, तुझा बाप गेला, तुझी आई गेली. माझ्याकडे आता चार गाई, एक गुडघा आणि चीज. बाजारात कुणी माझं नाव विचारत नाही, "थर्झाचं चीज आलं का" एवढंच विचारतात. चीज बिघडलं तर मी कोण? या वयात काही इकडचं तिकडे करू नये, असं मला वाटतं. तुलाही तेच सांगते.

वाढदिवसाला तिसरं पाठवते आहे. मोठं आहे. एकवीस ऑगस्टपर्यंत उघडू नकोस, मुरू दे.

मधून काप.

थर्झा


हॅझलकोम,
२३ ऑगस्ट

आदरणीय आत्या,

तुमचे मागचे पत्र वाचून मला वाटले, तुम्ही आजारी आहात. काही इकडचे तिकडे करू नये असे तुम्ही लिहिलेत, त्याचा अर्थ मी तुमचा पलंग हलवू नये असा घेतला. माझे चुकले. आता कळले, आणि कसे कळले ते क्रमाने लिहितो.

परवा वाढदिवशी दुपारी मी चीज टेबलावर ठेवले. मधून कापायचे होते. पण मी एकटा खाणार. पाटीवर हिशेब केला, तर मधून कापल्यास आतली सगळी कड उघडी पडते आणि चीज लवकर वाळते. कडेने पाचर कापली तर उघडी बाजू बरीच कमी. शिवाय मधून कापणे ही बाळंतिणीची रीत, मला जरा संकोच वाटला. गायीचे काय होईल ही भीती होती. म्हणून आधी मनातल्या मनात तुमच्या चारी गाईंची क्षमा मागितली आणि कडेने कापले. तुमच्या गाई ठीक आहेत ना?

कापण्याआधी कापड सोडवले होते. वरच्या बाजूला मधोमध एक खोलगट ठसा होता. पहिल्यांदा वाटले, अंड्यावर बसलेली कोंबडी. वर तुरा, बाजूला पंख. तुमच्या चीज दाबायच्या दगडावर काही तरी चिकटले असेल आणि ते उमटले असेल, असे समजून मी एक घास खाल्ला. चीज उत्तम आहे. मग तुऱ्याकडे पुन्हा पाहिले. कोंबडीचा तुरा आडवा नसतो.

घरमालकिणीने पावाची कणीक मळून ठेवली होती. तिची परवानगी घेऊन मी गोळाभर कणीक त्या खोलगट ठशात दाबली आणि हळूच उलटी काढली.

आत्या, ती कोंबडी नाही. पंख म्हणजे तिच्या कडेवरचे मूल आहे. तुरा म्हणजे तिच्या डोक्यावरचा लहानसा क्रूस आहे, त्याचा डावा हात थोडा उडालेला. खाली झगा आहे, सात चुण्यांचा. त्याची रुंदी पाच इंच आणि तीन अष्टमांश. मी पळत आवारात जाऊन खांबावरची किनार मोजली. पाच इंच आणि तीन अष्टमांश. दोरी कोरडी होती.

आणि तिला पाय नाहीत.

तेव्हा ती कुठे आहे, हे मी विचारत नाही. ती तुमच्या दुग्धशाळेत आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी चिजावर पालथी पडलेली असते, आणि लहानपणी मी तिच्या पाठीवर बसून साय खाल्ली आहे.

मी कोणालाही सांगितलेले नाही. कणकेची बाई घरमालकिणीने भाजून टाकली, मला थांबवता आले नाही. चीज मी मोठ्या वाडग्याखाली झाकून ठेवले आहे, पण उन्हाळा आहे आणि पुरावा मऊ पडत चालला आहे. म्हणून लवकर विचारतो.

तुम्ही ती द्याल का?

तुमच्या दगडाऐवजी मी दुसरा दगड घडवून आणीन, वजनाला तितकाच, एक औंस इकडे नाही की तिकडे नाही. तुमचे चीज बिघडू नये याची मला तुमच्याइतकी नाही, पण फार काळजी आहे. तुमचे नाव कोणाला कळणार नाही. आणि तुम्ही नाही म्हणालात, तर मी या चिजाचा मधला भाग खाऊन टाकीन आणि पुन्हा कधी त्याबद्दल बोलणार नाही. तसे पत्र आले की त्याच दिवशी खाईन.

तुमचा,
जबेझ


ब्रूम फार्म,
३० ऑगस्ट

चिरंजीव जबेझ,

गाई ठीक आहेत. तपकिरीनं मात्र गुरुवारी दुपारी बादलीला लाथ मारली, म्हणजे तू नेमकी तेव्हाच कड कापली असणार.

मेल्या, चारशे उंबऱ्यांना वर्षानुवर्षं चीज दिलं. कुणी कडेनं कापलं नाही. माझ्या सख्ख्या भाच्यानं कापलं!

आता ऐक. शिपाई आले तेव्हा आपल्या घरातल्या एका बाईनं ती फुटलेली उचलून पोतडीत घातली, टोपलीत वर लोणी ठेवलं आणि त्यांच्यासमोरून इथं आणली. शिपाई झडती घ्यायला आले, तेव्हा दुग्धशाळेत दगड दिसला तो चिजावर. चीज दाबणाऱ्या दगडाकडे कोण बघतो? तेव्हा मधे फळी असायची. फळी माझ्या आजीच्या वेळी मोडली आणि बाई चिजावर उमटायला लागली. आजी घाबरली. पण चीज असं झालं की फळी परत बसवायचं कुणाच्या मनात येईना. ओल्या चिजाचं पाणी तिच्या चुण्यांतून कसं निथळतं ते तू बघितलेलं नाहीस.

आणि त्या पहिल्या बाईची अट होती. "कुठे आहे" असं विचारील त्याला सांगायचं नाही. "देता का" असं विचारील त्याला नाही म्हणायचं नाही. दोनशे चाळीस वर्षांत तुझ्या आजोबांनी विचारलं, तीन पाद्र्यांनी विचारलं, एक चष्मेवाला तर वही घेऊन मुक्कामाला राहिला होता. सगळ्यांनी "कुठे"च विचारलं. तूही एप्रिलपासून तेच केलंस. म्हणून तळं, म्हणून डुकरं.

ये गुरुवारी, अकरा तारखेला. दगड गुळगुळीत हवा. वजन सत्तर पौंड. मला कसं ठाऊक? तू अकरा वर्षांचा होतास तेव्हा धान्याच्या तराजूत एका बाजूला तिला ठेवून दुसऱ्या बाजूला तुला बसवलं होतं. काटा बरोबर मधे. तू रडलास, ती नाही रडली.

टोपली आण. आणि लोणी मी देईन वरून ठेवायला. तसंच आलंय, तसंच जाऊ दे.

तुझी,
आत्या


हॅझलकोम,
३० सप्टेंबर

आदरणीय आत्या,

ती अट सोळाशे चव्वेचाळीस साली घातली गेली की २३ ऑगस्टनंतर, याचा मी बराच विचार केला. मग सोडून दिला.

त्या गुरुवारी तुम्ही दारात उभ्या राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत आत गेला नाहीत, ते मी पाहिले. वळून हात हलवला असता, पण एका हातात लगाम होता आणि दुसरा लोण्यावर होता.

पाद्रीसाहेबांसमोर टोपली उघडली. त्यांनी लोणी पाहिले, मग खाली पाहिले आणि बाकावर बसले. म्हणाले, "हेंब्रो! कुठे सापडली?" मी म्हणालो, "साहेब, 'कुठे' या प्रश्नाने माझी एक विजार गेली आहे. मी फक्त 'देता का' असे विचारले आणि त्यांनी दिली." "त्यांनी म्हणजे कोणी?" मी म्हटले, नाव न सांगण्याचा शब्द दिला आहे. मग वाकून त्यांनी बाईचा वास घेतला, आणि मला वाटते त्यांना समजले. ते एवढेच म्हणाले, "स्वयंपाकीण मला म्हणत होतीच, थोडा धीर धरा."

आता पुढची गोष्ट मला आधीच कळायला हवी होती. बाई खांबावर ठेवायच्या दिवशी सगळे गाव जमले. चेडझॉयने आणि गवंड्याने तिला उचलून वर टेकवले. सात चुण्यांवर सात चुण्या बसल्या. केसभर फट नाही. पुरुष सगळे टोप्या काढून गप्प झाले. बायका मात्र गप्प नव्हत्या. त्या एकमेकींना कोपराने ढोसून हसत होत्या. हॅना चेडझॉय पुढे आली, बाईच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "आलीस का गं? तुला इतके दिवस नुसतं चिजातल्या खड्ड्यातच बघितलं."

चेडझॉय म्हणाला, "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"आम्हांला सगळ्यांनाच ठाऊक होतं," हॅना म्हणाली. "बाळंतिणीच्या खोलीत चीज उघडलं की आधी तिचं दर्शन घ्यायचं, मग तिला खाऊन टाकायचं. नाहीतर मधूनच का कापतात, असं वाटलं तुला?"

"चाळीस वर्षं माझ्याबरोबर संसार केलास आणि बोलली नाहीस?"

"तू कधी बाळंत झाला असतास तर सांगितलं असतं."

मिसेस गॅटकोम यांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, या बाईला कसला तरी वास येतो. पाद्रीसाहेब म्हणाले, "पावित्र्याचा, बाईसाहेब." त्यांचा तांबडा क्रूस आता फाटकाशी उभा राहणार आहे. तिथे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी दिसतो, हे त्यांना पटले. पटवण्याचे काम पाद्रीसाहेबांनी केले, माझे नाव त्यात नाही.

काल गावसभेने मला कायम केले. वहीत मी लिहिले आहे: "बाई गुरुवारी चार वाजून वीस मिनिटांनी परत आली. पाय जागेवर होते."

एकच अडचण आहे. गावातली मांजरे. रोज सकाळी पायऱ्यांवर नऊ-दहा बसलेली असतात आणि पाळीपाळीने तिला चाटतात. मी हुसकावतो, ती परत येतात. पाद्रीसाहेब म्हणतात, असू दे, या गावात इतक्या नियमाने चर्चला येणारी तीच. पिंपवाल्याच्या मुलीची पावले काल दगडी पावलांवर टेकवली. ती अजून बसतही नाही, पण आईला घाई होती. मुलीने हात वर करून बाईच्या झग्याला धरले आणि सोडेना. दोन मांजरे आणि मी मिळून ती सोडवली.

नव्या दगडाचे कसे काय? मला रोज काळजी वाटते. तुम्ही त्याची खालची बाजू पाहिलीत का? मी तुम्हांला न विचारता एक गोष्ट केली आहे. रागावू नका.

तुमचा,
जबेझ


ब्रूम फार्म,
२० ऑक्टोबर

चिरंजीव जबेझ,

खालची बाजू आधी बघितली नव्हती. दगड तू बसवलास तसाच चीज दाबायच्या चौकटीत होता. पाच आठवडे मी चिडून होते. दुग्धशाळेत गेले की कुणीतरी घर सोडून गेल्यासारखं वाटायचं. चीज बाहेर काढलं तेही बघायचं मन होईना, तसंच फळीवर टाकलं.

आज तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचून कापड सोडवलं.

दोन पावलं! बोटं मोजली, दहा आहेत. तू असल्यावर दहाच असणार. बसून राहिले थोडा वेळ. मग हसायला लागले ते तपकिरी दारातून डोकावून बघायला लागली.

हॅना येऊन गेली. तिला दाखवलं. तिनं बघितलं, म्हणाली, "बाई तिकडे, पाय इकडे. आता चालत येऊन चीज खाऊन जाईल." सुतारणीचे दिवस भरत आलेत, पहिलं चीज तिच्यासाठी घेऊन गेली. खोलीत सगळ्या बायका पावलांवर बोट ठेवून बघणार म्हणे, आणि मग खाणार.

दुसरं तुला पाठवते आहे. चव तीच आहे. मला भीती होती तसं झालं नाही, हे तुला एकट्याला सांगते. चेडझॉयलाही एक तुकडा दे, पण आधी त्याला सफरचंदांची माफी मागायला लाव.

काप कुठूनही.

तुझी आत्या,
थर्झा